हातांची साक्ष



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या भागातील एक उपदेशकबंधू आठवड्याच्या बाजाराहून परत जाताना माझ्या घरी थांबले. त्यांची मुद्रा खिन्न दिसली. कारण विचारता ते म्हणाले, "पाळकसाहेब, आज मी हरलो." बाजारात एका वयोवृद्ध व बहुश्रुत शेतकऱ्याशी त्यांचे धर्मासंबंधी बोलणे निघाले होते. त्या गृहस्थांनी थट्टेने नव्हे, तर अगदी मनापासून विचारले की, "देवाला आदि नाही, अंत नाही, असे तुम्हीही म्हणता आणि आम्हीही म्हणतो. मग तो एका बाईच्या मांडीवर मावला कसा?" आमच्या बंधूंनी उत्तर दिले, "काका, भरल्या घागरीत सूर्य दिसतो की नाही? एवढा थोरला सूर्य एवढ्याशा घागरीत मावतो, तसेच हे." तेव्हा ते गृहस्थ हसून म्हणाले, "अहो मास्तर, घागरीत असतो तो सूर्य नव्हे, ती त्याची छाया. घागर फुटली म्हणून सूर्याला काही दुखत नाही. तुमचा ख्रिस्त असाच छाया होता की काय?"

ह्या प्रश्नापुढे आमचे बंधू निरुत्तर झाले. मी त्यांना म्हटले, "भाऊ, तुम्ही हरला नाहीत. तुमचा दृष्टांत हरला, आणि तो हरला हे बरेच झाले." कारण त्या शेतकऱ्याने नकळत ज्या जागी बोट ठेवले, त्याच जागी पहिल्या शतकाच्या शेवटी ख्रिस्ती मंडळीत मोठा वाद माजला होता, आणि त्या वादात प्रेषित योहानाने जी साक्ष दिली, तिचाच विचार आज आपणांस करावयाचा आहे.

आशिया प्रांतातील इफिस हे त्या काळचे मोठे नगर. त्याचे अवशेष आजच्या तुर्कस्थानात आहेत. तेथे अर्तमी देवीचे जगप्रसिद्ध देऊळ होते, बंदर होते, आणि नाना मतांचे पंडित येऊन वाद करीत असत. प्रेषित योहान वृद्धपणी ह्याच नगरात राहिला व त्राजान बादशहाच्या काळापर्यंत, म्हणजे निदान इ. स. ९८ पर्यंत जगला, असे लिआँ नगरचा अध्यक्ष इरेनियस ह्याने सुमारे इ. स. १८० मध्ये लिहून ठेवले आहे. इरेनियसने ही गोष्ट कोठून ऐकली? तो लहान असताना स्मुर्ण्याच्या पॉलिकार्पाच्या पायांशी बसला होता, आणि पॉलिकार्प आपण योहानाच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी सांगत असे. ज्याला आपण योहानाचे पहिले पत्र म्हणतो, त्यात लेखकाने आपले नाव घातलेले नाही, व आजचे विद्वान त्याविषयी पुष्कळ ऊहापोह करतात. तथापि दुसऱ्या शतकापासून मंडळीने ते त्याच प्रेषिताचे मानले आहे, आणि त्याचा स्वर चौथ्या शुभवर्तमानाच्या स्वराशी इतका जुळतो की साध्या वाचकालाही एकाच घरची बोली ऐकू येते.

त्या दिवसांत मंडळीतच काही शिक्षक असे शिकवू लागले की, देव परमपवित्र आहे, आणि देह तर मातीचा, घामाचा, रोगाचा. तेव्हा देवाच्या पुत्राने खरोखरीचा देह घेतला असणे शक्यच नाही. तो मनुष्यासारखा केवळ भासला. तो जेवल्यासारखा दिसला, रडल्यासारखा दिसला, मेल्यासारखा दिसला. 'भासणे' ह्या अर्थाच्या एका ग्रीक शब्दावरून इतिहासात ह्या मताला नाव मिळाले आहे. वाचकहो, हे मत प्रथमदर्शनी देवाचा मान राखणारे वाटते. देवाला धूळ लागू नये अशी त्यात काळजी दिसते. परंतु हीच ती घागरीतली छाया होय. जो भासमात्र आहे, त्याला खिळे लागत नाहीत. ज्याला खिळे लागत नाहीत, तो आपल्या दुःखात आपला सोबती नव्हे.

आता प्रेषिताने काय केले ते पाहा. त्याने दृष्टांत दिला नाही. अनंत देव मर्यादित देहात कसा राहिला, ह्याची उपपत्तीही त्याने मांडली नाही. तो साक्षीदाराप्रमाणे उभा राहिला. तालुक्याच्या कचेरीत साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे केले म्हणजे न्यायाधीश त्याला असे विचारीत नाहीत की, ही गोष्ट घडणे संभवनीय होते की नाही. ते इतकेच विचारतात की, तू स्वतः काय पाहिलेस? त्या पत्राच्या आरंभी योहान ह्याच प्रश्नाचे उत्तर देतो. जे आरंभापासून होते ते आम्ही ऐकले, ते डोळ्यांनी पाहिले, ते निरखून पाहिले, आणि शेवटी आमच्या हातांनी त्याला स्पर्श केला, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे.

ह्या क्रमाकडे लक्ष द्या. ऐकणे दुरून होते. भिंतीपलीकडचा आवाजही कानी पडतो. पाहण्यासाठी जवळ यावे लागते; परंतु डोळ्यांना चकवा बसतो, आणि स्वप्नातही माणसे दिसतात. स्पर्शाला मात्र अंतर उरत नाही. अंधाऱ्या रात्री आई मुलाला ओळखते ती हाताने. आणि हे बोलणारा हात कोणाचा होता, तेही आठवा. जब्दीचा पुत्र योहान गालील समुद्रावरचा कोळी होता. येशूने त्याला हाक मारली तेव्हा तो तारवात बसून जाळी नीट करीत होता, असे मार्क सांगतो. जाळे कोठे फाटले आहे हे ज्याची बोटे शोधून काढतात, खऱ्या दोराला आणि कुजलेल्या दोराला जो चाचपून ओळखतो, अशा मनुष्याचा तो हात आहे. असा मनुष्य जेव्हा स्पर्शाची साक्ष देतो, तेव्हा तो अलंकारिक भाषा बोलत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चार शुभवर्तमानांपैकी सर्वांत उंचावरून आरंभ होतो तो योहानाच्या शुभवर्तमानाचा. तेथे गव्हाणी नाही, मेंढपाळ नाहीत. जगाच्या उत्पत्तीपूर्वीचा, देवासन्निध असलेला शब्द आहे. परंतु त्याच ग्रंथात प्रभूच्या देहाच्या अगदी साध्या गरजा नमूद आहेत. सूखार गावच्या विहिरीपाशी तो भर दुपारी चालून थकल्यामुळे बसला आणि एका शोमरोनी बाईजवळ त्याने पाणी मागितले. लाजराच्या कबरेकडे जाताना तो रडला. वधस्तंभावर त्याला तहान लागली. त्याच्या कुशीत भाला खुपसला तेव्हा रक्त व पाणी निघाले, आणि तेथे तर लेखक थांबून आवर्जून सांगतो की, हे पाहणाऱ्याने साक्ष दिली आहे. ज्याने शब्दाला सर्वांत उंच चढून पाहिले, त्यानेच त्या शब्दाच्या कोरड्या ओठांची आठवण ठेवली. त्या शब्दाच्या पृथ्वीवरील वस्तीसाठी त्याने जे ग्रीक क्रियापद वापरले आहे, त्याचा मूळ अर्थ तंबू ठोकून राहणे असा आहे. आपल्या माळावर मेंढरे घेऊन फिरणारे धनगर येतात, किंवा दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी कुटुंबे येऊन उसाच्या पाचटाच्या कोप्या घालून राहतात, त्या वेळी थंडी, वारा, पाऊस हे त्यांना जसे लागतात तसेच लागतात. मध्ये पक्की भिंत नसते. देवाचा पुत्र आपल्यांत राहिला तो असा राहिला, हे त्या शब्दाने प्रेषिताला सांगावयाचे आहे.

कोणी म्हणेल, मग हे गूढ उकलले कोठे? बंधूंनो, ते उकलले नाहीच. पुढे इ. स. ४५१ मध्ये खल्कदोन येथे, म्हणजे आजच्या इस्तंबूल शहराच्या एका भागात, मंडळीच्या अध्यक्षांची मोठी सभा भरली. ख्रिस्त पूर्ण देव व पूर्ण मनुष्य आहे, असे तिने ठरविले. परंतु हे दोन स्वभाव एकत्र कसे नांदतात हे सांगताना त्या विद्वान सभेने चार नकारच वापरले: त्यांची मिसळ होत नाही, त्यांत पालट होत नाही, त्यांची वाटणी होत नाही, त्यांची ताटातूट होत नाही. मला हे चार नकार विहिरीच्या कठड्यासारखे वाटतात. कठडा विहिरीची खोली मोजत नाही. येणाराजाणारा आत पडू नये इतकेच त्याचे काम. पाणी हवे असेल त्याला पोहराच सोडला पाहिजे. आपल्या उपदेशकांनी कठड्याचा आदर राखावा, परंतु तहानलेल्या मनुष्याला कठड्याचे दगड मोजून दाखवीत बसू नये.

आता आपण खऱ्या अडचणीच्या प्रश्नाकडे येऊ. योहानाने स्पर्श केला, हे खरे. परंतु आपण केला नाही. दुसऱ्याच्या हाताने लागलेल्या गोष्टीवर आपण विश्वास ठेवावा, हे न्यायाचे आहे काय? थोमानेही हाच प्रश्न केला होता, आणि प्रभूने त्याला झिडकारले नाही. आपल्या हातांकडे पाहण्यास व कुशीत हात घालण्यास बोलाविले. तथापि न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना त्याने धन्य म्हटले. मग आपल्यासारख्यांना काहीच पुरावा उरला नाही काय?

मला वाटते, प्रेषिताने ह्याचे उत्तर त्याच पत्रात दिले आहे, आणि ते आपण सहज ओलांडून जातो. पत्राचा आरंभ स्पर्शाने होतो, परंतु चौथ्या अध्यायात येईपर्यंत तो हात दुसरीकडे वळलेला असतो. डोळ्यांपुढे असलेल्या आपल्या बंधूवर जो प्रीती करीत नाही, त्याने न पाहिलेल्या देवावर प्रीती असल्याचे सांगणे हे खोटे आहे, असे तो स्पष्ट बजावतो. त्याच्या आधी तिसऱ्या अध्यायात त्याने विचारले आहे की, जवळ संसाराची साधने असून जो गरजवंत बंधूला पाहून आपले अंतःकरण बंद करतो, त्याच्या ठायी देवाची प्रीती राहील कशी? ह्याचा अर्थ असा की, देवाने देह घेतला ह्या सत्याची कसोटी पाहण्याचे ठिकाण आता बंधूचा देह आहे. देव जर देहात आला, तर देह ही टाळण्याची वस्तू राहिली नाही.

जे हे सत्य नाकारीत होते त्यांच्या आचरणावरूनही हेच दिसते. अंत्युखियाचा अध्यक्ष इग्नेशियस ह्याला दुसऱ्या शतकाच्या आरंभी बेड्या घालून, शिपायांच्या पहाऱ्यात, मरणासाठी रोमास नेत होते. वाटेत त्याने स्मुर्ण्याच्या मंडळीला पत्र लिहिले. प्रभूचे दुःख जर केवळ भास असेल, तर माझ्या ह्या बेड्याही भासच म्हणावयाच्या, असा त्याचा युक्तिवाद आहे. आणि भासवादी लोकांची खूण तो कोणती सांगतो? त्यांना विधवेची काळजी नाही, पोरक्याची नाही, पीडिताची नाही, बंदिवानाची नाही, भुकेल्या-तान्हेल्याची नाही. त्यांच्या मताचा व त्यांच्या वागणुकीचा असा घट्ट संबंध त्याने पाहिला. ज्याच्या देवाला देह नाही, त्याला शेजाऱ्याच्या देहाची आठवण राहत नाही.

हे वाचून आपण त्या भासवाद्यांना दोष देऊ लागलो, तर आधी मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती लिहिताना मला लाज वाटते.

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील मंडळीत मी प्रभुभोजनाचा विधी चालवीत होतो. त्या दिवशीचे शास्त्रवाचन ह्याच पत्राच्या पहिल्या अध्यायातून होते, आणि मी त्यावर बराच वेळ, मला वाटते बऱ्यापैकी, उपदेश केला. मंडळीत एक बंधू होते. त्यांना पूर्वी कुष्ठरोग झाला होता. औषधोपचार पूर्ण होऊन ते बरे झाले होते, आता त्यांच्यापासून कोणास काही भय नाही असे डॉक्टरांनी सांगितले होते, आणि ते मला ठाऊक होते. परंतु त्यांच्या हातांची बोटे झिजून गेली होती. भाकर देत देत मी त्यांच्यापाशी आलो तेव्हा त्यांनी आपले दोन्ही तळवे पुढे केले. मी भाकर त्या तळव्यांवर ठेवली नाही. ताटली बाकाच्या कडेला ठेवली, पेलाही तसाच तेथे ठेवला, आणि घाईने पुढच्या मनुष्याकडे वळलो. त्यांना पेला उचलता येईना. मंडळीत क्षणभर शांतता झाली.

तेव्हा मागच्या रांगेतील एक आजी उठल्या. लिहिणेवाचणे न येणारी ती म्हातारी बाई. त्यांनी भाकर उचलून त्या बंधूंच्या मुखात घातली, पेला त्यांच्या ओठांशी धरला, त्यांचा हनुवटीवरचा थेंब आपल्या पदराने पुसला, आणि मग त्याच पेल्यातून स्वतः प्यायल्या.

उपासना संपल्यावर मी दारात उभा होतो. आजी आल्या व म्हणाल्या, "सलाम, पाळकसाहेब. आज योहानाचं चांगलं वाचलंत." मी मान खाली घातली. त्या पुढे हळूच म्हणाल्या, "त्याला देवानं हात दिले होते, म्हणून त्याला कळलं. हात आपल्यालाही दिलेत, नाही का?" इतके बोलून त्या निघून गेल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला सोसण्यास सोपे गेले असते.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात एक कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो. तेथे प्रभू आधी हात पुढे करून त्याला स्पर्श करतो, आणि त्यानंतर तो शुद्ध होतो. शुद्ध झाल्यावर स्पर्श केला, असे नाही. मी तर बरे झालेल्या मनुष्यालाही शिवलो नव्हतो. त्या रात्री मला उमगले की, व्यासपीठावर मी देहधारणाचा उपदेशक होतो आणि बाकाजवळ मी भासवादी होतो. माझ्या बोलण्यातला ख्रिस्त देहवान होता. माझ्या हातांपुरता तो छाया होता.

दुसऱ्या दिवशी मी त्या बंधूंच्या घरी जाऊन क्षमा मागितली. ते पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "चहा घेणार का, पाळकसाहेब? बरेच जण नको म्हणतात." मी घेतला. निघताना त्यांनी हात पुढे केला आणि मी तो दोन्ही हातांत धरला. त्यात मी काही थोर कार्य केले असे नाही. जे आदल्या दिवशी करावयाचे होते ते उशिरा केले.

वाचकहो, स्पर्श नाकारला जाण्याचे दुःख आपल्या लोकांइतके कोणास ठाऊक असणार? आपल्यापैकी कित्येकांच्या आज्या-पणज्या गावच्या विहिरीपासून दूर, रिकाम्या घागरी घेऊन, कोणी दयेने वरून पाणी ओतील म्हणून तासन् तास उभ्या राहत. १९५० साली अमलात आलेल्या भारताच्या संविधानाने आपल्या १७ व्या कलमात अस्पृश्यता रद्द केली. परंतु कायदा हाताला आवरू शकतो. हात पुढे करावयाला लावू शकत नाही. आणि खेदाची गोष्ट ही की, प्रभूच्या मेजाजवळ एकत्र बसणारे आपण, मुलामुलींच्या सोयरिकी ठरविताना बाप्तिस्म्यापूर्वीच्या जातीची गुपचूप चौकशी करतो. दारू सोडू न शकलेल्या बंधूच्या घरी जाणे टाळतो. क्षयाने आजारी असलेल्या बहिणीसाठी अंगणातूनच प्रार्थना उरकतो. आजाऱ्याविषयी डॉक्टर जी काळजी घेण्यास सांगतील ती अवश्य घ्यावी. सावधगिरी हे पाप नव्हे. परंतु सावधगिरीच्या नावाखाली तिरस्कार लपवू नये. त्या दोहोंतला भेद ज्याचा त्याला आतून ठाऊक असतो.

आता आमच्या त्या उपदेशकबंधूंच्या प्रश्नाचा शेवट सांगतो. पुढच्या बाजारी काय बोलू, असे त्यांनी मला विचारले. मी म्हटले, "घागरीचा दृष्टांत सोडून द्या. त्या काकांना सांगा की, तुमचे म्हणणे रास्त आहे. छायेला दुखत नाही. परंतु आम्ही ज्याच्याविषयी बोलतो त्याला तहान लागली, तो रडला, त्याला जखमा झाल्या, आणि ज्यांनी त्याला हाताने स्पर्श केला त्यांनी ते सांगून ठेवले. देव हे कसे करू शकला, ते आम्हांस कळत नाही. त्याने ते का केले, तेवढे मात्र कळते: त्याला आमच्याजवळ यावयाचे होते." बंधूंनी थोडा विचार करून विचारले, "आणि त्यांनी पुरावा मागितला तर?" मी म्हटले, "तर त्यांना आपल्या मंडळीत घेऊन या. पण त्याआधी आपण सर्वांनी मिळून थोडी तयारी केली पाहिजे."

ती तयारी अद्याप चालू आहे. योहान गेला, पॉलिकार्प गेला, इग्नेशियसाच्या बेड्याही केव्हाच मातीत मिळाल्या. परंतु साक्ष हातोहात आपल्यापर्यंत आली आहे, आणि आता ती आपल्या हातांत आहे. येत्या रविवारी प्रभूची भाकर घेण्यासाठी हात पुढे करण्यापूर्वी, ह्या आठवड्यात हा हात कोणापासून मागे घेतला, असे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. आणि उत्तर मिळाल्यास उपासनेपूर्वी त्या घरी जाऊन यावे.

ज्याने आमच्यासाठी देह धारण केला, तो प्रभू आमचे हात त्याच्या साक्षीस योग्य करो. आमेन.